पाण्याचा पंप गेला, तर घाट काढू नका

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालेली पिकअप आंबा घाटाला लागते. दुसरा गिअर, इंजिन पूर्ण ताकदीवर, आणि वेग इतका कमी की समोरून वारा जवळजवळ नाहीच. अशा वेळी टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला की चालवणाऱ्याच्या मनात हमखास एकच विचार येतो: एवढा घाट काढू, वर गेल्यावर बघू.

सगळ्या पिकअपवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, घाट काढू नका. वळण सोडून, मागच्याला दिसेल अशी जागा बघून गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि इंजिन बंद करा. पाण्याचा पंप बदलणं हे स्वतःच्या हातानं, घराच्या अंगणात होण्यासारखं काम आहे आणि ते कसं करायचं हे मी पुढं सांगणारच आहे. पण काटा लाल पट्ट्यात असताना ज्यानं आणखी दोन-तीन किलोमीटर रेटले, त्याचं काम पंपावर भागत नाही. मग हेड उतरवा, फेस मारून आणा, हेडचं पॅकिंग बदला, आणि हेडला तडा गेला असेल तर हेडच नवीन घ्या. पंपाच्या कित्येक पट खर्च, आणि ऐन हंगामात गाडी आठवडाभर उभी.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे थांबायला जड जाणार नाही. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणारं पाणी उचलून नेतं आणि रेडिएटरमध्ये सोडतं. हे पाणी फिरवतो पंप. पंपाच्या आत पात्यांची एक चकती असते, तिला इम्पेलर म्हणतात. तिचा एक दांडा, दांड्याला धरणारं बेरिंग, आणि पाणी बेरिंगपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये बसवलेलं सील. बाहेरच्या टोकाला पुली, तिला फॅन बेल्ट फिरवतो. बस, एवढंच यंत्र. ते थांबलं की सिलिंडरभोवतीचं पाणी जागच्या जागी उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याइतकी उष्णता उचलता येत नाही. ब्लॉक बहुतेक बिडाचा, हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, पण बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळं त्याला जागा मिळत नाही आणि ते वाकतं. हे व्हायला घाटात भरल्या गाडीला काही मिनिटं पुरतात.

इथं एक फसगत होते, ती नीट लक्षात ठेवा. पाणी गळून गेलं की कधीकधी काटा वर जाण्याऐवजी खाली येतो. चालकाला वाटतं, चला, गाडी थंड झाली. तसं नसतं. काट्याचं सेन्सर पाण्यात बुडालेलं असतं तेव्हाच खरं तापमान सांगतं. पाणीच उरलं नाही तर ते नुसत्या हवेत लोंबत राहतं. म्हणून वर गेलेला काटा रस्ता तसाच असताना अचानक खाली आला, तर तो दिलासा समजू नका, तिथल्या तिथं थांबा. आणि काट्याबरोबर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला, तर समजा बेल्टच तुटलाय. कारण बऱ्याच गाड्यांत एकाच बेल्टवर पंपही फिरतो आणि ऑल्टरनेटरही. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप ऑल्टरनेटरच्याच मागं बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट गेल्यावर ब्रेकही जड होतात. घाट उतरताना हे घडलं तर इंजिनापेक्षा जिवाची गोष्ट आहे.

गाडी एकाची आणि चालवणारा दुसरा असेल, तर मला मालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. चालक थांबत का नाही? त्याला समजत नाही म्हणून नव्हे. माल उशिरा पोचला तर आपण त्याला बोलतो, भाडं कापतो, म्हणून तो थांबत नाही. तेव्हा आजच त्याला स्पष्ट सांगून ठेवा, “काटा वर गेला तर गाडी उभी कर आणि मला फोन कर, मी एक शब्द बोलणार नाही.” हे वाक्य तुमचं इंजिन वाचवेल. आणि ते बोलल्यावर पाळायलाही हवं.

थांबल्यावर हात आवरा. रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करू नका. बंद यंत्रणेत साधारण एक बारच्या आसपास जादा दाब असतो. त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब उतरतो आणि आतल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होऊन ती तोंडावर येते. चेहरा, मान, हात सोलून निघतात. तासभर तरी जाऊ द्या. वरचा होज पाइप हातानं दाबता आला, मऊ लागला आणि हाताला सोसला, की मग जाड फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, आणि त्यानंतरच काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून किंवा आतून थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जाण्याचा तो अगदी सोपा मार्ग आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला फोन करा, गाडी बाजूला घ्यायला मदत मिळते.

कॅनमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि दर चार किलोमीटरला टाकत जायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नुसतं थेंबथेंब गळत असेल, पंप फिरत असेल, आवाज नसेल, तर माल दुसऱ्या गाडीत देऊन, रिकामी गाडी सपाट रस्त्यानं सावकाश जवळच्या गावापर्यंत नेणं समजू शकतो. पण पंपाच्या पुलीवर बसवलेल्या पंख्यात डुगडुग असेल किंवा बेरिंग घरघरत असेल, तर एक किलोमीटरसुद्धा नाही. बेरिंग सुटलं की पंखा पुढं येतो आणि रेडिएटरच्या जाळीत घुसतो.

खरं तर इथवर वेळ येण्याआधी पंप बरेच दिवस सांगत असतो. पंपाच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूला, एक बारीक भोक असतं. सील झिजून पाणी पुढं आलं तर ते बेरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकापासून खाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा ओघळ दिसला, तर पंपाचं आयुष्य संपत आलंय हे नक्की. हे भोक एम-सीलनं बुजवलेले पंप मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. गळती थांबत नाही, ती फक्त बेरिंगकडं वळते.

घरी, इंजिन थंड असताना, चावी खिशात ठेवून तपासा. पंख्याची वरची आणि खालची पाती धरून पुढं-मागं हलवा. जरा जरी खडखड लागली तर बेरिंग गेलं. टॉर्च घेऊन त्या भोकाखाली बघा. वरून एखाद्या होज पाइपचं पाणी ओघळून पंपावर येत असेल तर उगाच पंपाला दोष लागतो. म्हणून आधी तो भाग पुसून कोरडा करा, मग इंजिन चालू करून कुठून ओलं होतंय ते पाहा. गळत नाही, आवाज नाही, तरी चढाला गाडी तापते, असंही होतं. गंजून इम्पेलरची पाती खाल्ली गेलेली असतात किंवा चकती दांड्यावर सैल फिरत असते. ते पंप उतरवल्यावरच कळतं.

एक गोष्ट मात्र काम सुरू करायच्या आधी बघायलाच हवी. इंजिन ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ झालं असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि बाहेर कुठंही न गळता पाणी कमी होतं, तर हेडचं पॅकिंग गेलंय. नवीन पंपानं ते भरून निघणार नाही. तिथं चांगल्या मिस्त्रीकडं जा.

आता स्वतः करायचं का? बॉनेट उघडल्यावर समोर पंखा, त्याच्या मागं पुली आणि पुलीवर बाहेरून दिसणारा बेल्ट असेल, तर हो, करा. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथं घरी हात घालू नका. टायमिंगचा एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. गाडी वॉरंटीत असेल तरी नको. छोट्या हत्तीसारख्या, सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत जागा अडचणीची असते. आधी जाणत्या माणसाबरोबर एकदा बघून घ्या. स्वतः करा असं मी म्हणतो ते मजुरी वाचवण्यासाठी नाही. मजुरी वाचते ती थोडीच. पण आपल्या हातानं पंप उतरवला की तो कशानं गेला हे डोळ्यांनी दिसतं, आणि ते कारण दूर केलं नाही तर नवीन पंपही त्याच वाटेनं जातो. गॅरेजमध्ये जुना पंप भंगारात पडलेला असतो, आपण चहा पिऊन पैसे देऊन येतो.

गोटीचा सेट, रिंग पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, एक पसरट टब, जुनी फडकी, आणि शक्य असेल तर कुणाकडून तरी मागून आणलेला टॉर्क पाना, एवढ्यावर काम होतं. सपाट, कठीण जमीन निवडा. गाडीखाली जावं लागणार असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोडी लावा. विटांवर तर गाडी कधीच ठेवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बेल्ट आणि पंख्यात हात असताना कुणी सहज चावी फिरवली, तर बोटं जातात.

रेडिएटरच्या खालचा नळ उघडून कूलंट टबात काढा. आता बेल्टच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण तासाभरानं तो कसा होता हे आठवत नाही. पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. पुलीचे बोल्ट बेल्ट काढण्याआधी ढिले करा. ताणलेला बेल्ट पुलीला धरून ठेवतो, म्हणून बोल्ट सुटतात. आधी बेल्ट काढलात तर पुली पान्याबरोबर गरगर फिरते आणि मग माणसं स्क्रू ड्रायव्हर अडकवून पंखा वाकवून ठेवतात. पंख्याला व्हिस्कस क्लच असेल तर आटे उलटे आहेत का हे गाडीच्या पुस्तकात बघून मगच जोर लावा, आणि काढलेला क्लच आडवा न टाकता, गाडीवर होता तसाच उभा ठेवा, नाहीतर आतलं तेल सरकतं. मग ऑल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून बेल्ट सोडा, पंखा आणि पुली काढा, होज सोडा.

पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. यात फार जण फसतात. एक पुठ्ठा घ्या, त्यावर पंपाचा आकार पेनानं काढा, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच पुठ्ठ्यात टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो. आपल्याला वाटतं घट्ट झाला, पण पंप सैलच राहतो, किंवा ॲल्युमिनियमला तडा जातो. अडलेल्या बोल्टवर पाइप लावून जोर काढू नका. गंज सोडवणारं तेल मारा, थांबा, आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा आणि मग सोडवा. तरीही बोल्ट तुटलाच तर काम तिथं थांबवा आणि लेथवाल्याला किंवा मिस्त्रीला बोलवा. तुटका बोल्ट घाईनं ड्रिल करताना आटे गेले, तर मग ब्लॉकच गेला म्हणायचा.

पंप हातात आला की लगेच बाजूला फेकू नका. उन्हात घेऊन बसा आणि बघा. आत पांढरा, खडूसारखा थर असेल तर तुम्ही आजवर बोअरचं पाणी टाकत आला आहात. त्यातले क्षार सीलच्या घासणाऱ्या कडांमध्ये जातात आणि सील ओरबाडतात. लालसर गंजाची राड असेल तर कूलंट न घालता नुसतं पाणी चाललंय. पाती कडेनं कुरतडल्यासारखी असतील तर तेच, किंवा वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट. सील चांगलं आणि बेरिंगच गेलं असेल, तर बेल्ट वाजवीपेक्षा ताणलेला होता किंवा पंख्याचं एखादं पातं तुटलेलं आहे; पंख्याचा तोल गेला की तो बेरिंगला दिवसरात्र हिसके देतो. पंपानं सांगितलेलं हे कारण वहीत लिहून ठेवा.

जुना पंप पिशवीत घालूनच दुकानात जा आणि गाडीचा चासी नंबरही न्या. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या सालांत वेगवेगळी इंजिनं आलेली आहेत. काउंटरवर दोन्ही पंप शेजारी ठेवा. बोल्टची भोकं जुळतात का, पात्यांची वळणाची दिशा तीच आहे का, पुली बसायच्या भागाची उंची सारखी आहे का, हे बघा. उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी बेल्ट तिरका धावतो आणि लवकर फाटतो. दांडा हातानं फिरवा. जरा जड पण एकसारखा फिरायला हवा. डुप्लिकेट मालात बेरिंग आणि सील हेच दोन भाग हलके असतात, आणि पंपाचा जीव याच दोन भागांत असतो. म्हणून इथं पैसे वाचवू नका. त्याच फेरीत बेल्ट, रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅट आणि फुगलेले होज असतील तर तेही घ्या. सगळं उघडलेलंच आहे.

इंजिनाचा फेस साफ करणं हे या कामातलं खरं काम. निम्म्या गळत्या इथल्या आळसातून होतात. आधी भोकांत फडक्याचे बोळे घाला, म्हणजे खरवडलेलं पॅकिंग आत पडणार नाही. प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पट्टीनं जुनं पॅकिंग काढा. पटाशी, हॅकसॉ ब्लेड, ग्राइंडर काही नको. ॲल्युमिनियमवर एक खोल ओरखडा उठला की तिथून पाणी झिरपतच राहतं. फेसवरून नख फिरवून बघा, कुठं अडकलं तर अजून साफ करा. मग बोळे काढा. काढलेत का, हे दुसऱ्यांदा तपासा.

पंपाबरोबर रबरी ओ-रिंग आली असेल तर सिलिकॉन अजिबात लावू नका. कागदी पॅकिंग असेल तर अगदी पातळ हात. नुसत्या सिलिकॉनवर बसवायचा पंप असेल तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीची एक सलग रेघ, प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकतं, ही समजूत सोडा. जास्तीचं सिलिकॉन आत सरकतं, सुटतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतं. पंप सरळ लावा, हातोडी लावू नका. एक ठोकाही बेरिंगचं आयुष्य कमी करतो. सगळे बोल्ट आधी हातानं बसवा, मग समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. नेमका टॉर्क गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक नसेल तर अंदाज असू द्या: 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये 20 ते 25 न्यूटन-मीटर, 6 मिलिमीटरच्या बोल्टला 8 ते 10. म्हणजे लहान पाना, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. संध्याकाळी बसवलं तर सकाळी पाणी भरा, हे उत्तम.

पुली, पंखा, बेल्ट. बेल्टचा लांब पट्टा अंगठ्यानं दाबला तर साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावा. सैल असेल तर किंचाळतो, ताणलेला असेल तर किंचाळत नाही, पण गुपचूप बेरिंग खातो. ताण आपोआप ठेवणारा टेन्शनर असेल तर तो फक्त नीट फिरतो का एवढं पाहा.

आता कूलंट. बोअरचं नको, विहिरीचं नको, नळाचंही नको. डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. ‘आपल्याकडं बर्फ कुठं पडतो’ म्हणून कूलंट टाळणारे बरेच भेटतात. कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणूनच असतं असं नाही. ते उकळबिंदू वाढवतं, गंज रोखतं आणि सीलच्या कडा ओल्या ठेवतं. आपल्या उन्हाळ्याला त्याची गरज जास्तच आहे.

भरताना गाडीचं तोंड किंचित चढाकडं ठेवा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा, आणि हळूहळू ओता. काठोकाठ भरलं म्हणजे झालं असं नाही, आत हवा अडकलेली असते. बॅटरीची वायर जोडा. झाकण न लावता, थंड इंजिन चालू करून धीम्या गतीवर ठेवा. तोंड मात्र रेडिएटरपासून लांब. थोड्या वेळानं वरचा होज एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बहुतेक थर्मोस्टॅट 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतात. मोठे बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तेवढं पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. हा अर्धा तास कंटाळा न करता द्या. नवीन पंप बसवूनही गाडी तापते असं लोक सांगतात, त्यातल्या पुष्कळांच्या इंजिनात फक्त हवा अडकलेली असते.

गॅरेजवाल्या मित्रांनाही एक विनंती आहे. गाडी तापते म्हणून आली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही सवय सोडा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नेमक्या तापमानाला पोचतच नाही, डिझेल जास्त पितं, सिलिंडर लवकर झिजतात. आणि तापण्याचं खरं कारण तिथंच राहतं. ग्राहकाला काटा खाली दिसतो, तो खूश होऊन जातो, पण त्याचं नुकसान आपण केलेलं असतं. ग्राहकानं पंप बघायचा म्हटलं तर त्याला दाखवा. तुमच्या कामाची किंमत त्यामुळं वाढेलच.

लगेच भाडं घेऊ नका. आधी रिकामी गाडी गावाभोवती फिरवून आणा, थांबून पंपाच्या भोकाखाली आणि होजच्या क्लिपांना हात लावून बघा. रात्री इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर एक थेंबही नसावा. थंड इंजिनात पातळी बघा, थोडी उतरली असेल तर भरा. नंतर अर्धा माल, सपाट रस्ता. घाट त्यानंतर. नव्या पंपाच्या भोकातून पहिल्या एक-दोन दिवसांत एखादा थेंब येऊ शकतो, सील बसत असतं. पण ओघळ आला तर पंप परत करा. बिल जपून ठेवायचं ते त्यासाठी.

टबात काढलेलं जुनं कूलंट गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते चवीला गोडसर असतं, त्यामुळं कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलाच्याही जिवावर बेतू शकतं. ज्या डब्यात भराल तो पाण्याच्या बाटलीसारखा नसावा, त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा, झाकण घट्ट लावा, आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथं द्या. फरशीवर सांडलेलं असेल तर वाळू टाकून गोळा करा आणि मग भरपूर पाण्यानं धुवा.

राहता राहिली नोंद. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, किलोमीटर, कूलंटचा रंग आणि कंपनी लिहून ठेवा. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र आली तर कधीकधी त्यांचा घट्ट गाळ होतो, आणि तुमच्या गैरहजेरीत गाडी चालवणाऱ्याला किंवा रस्त्यातल्या मिस्त्रीला आत काय आहे ते कळायला दुसरी सोय नसते. कूलंट किती वर्षांनी बदलायचं तेही डब्यावर वाचून त्याच ओळीत लिहा.